डॉक्टरांचं तोंड आणि पंचवीस वर्ख

आमच्या आत्याचा धंदा सोन्याचा आहे असं सांगितलं की वर्गातल्या मुली आधी माझ्या कानांकडे बघतात, मग गळ्याकडे. तिथे काहीच नसतं. आत्या सोनं विकत नाही, चिकटवते. दुकानांच्या पाट्यांवर, तसबिरींच्या चौकटींवर, काचेच्या दरवाजांवर. सोन्याचा वर्ख इतका पातळ असतो की बोटाने उचलायला जावं तर बोटावरच विरतो. म्हणून मऊ केसांचा चपटा ब्रश आधी आपल्याच गालावरून फिरवायचा. गालाचं इवलंसं तेल ब्रशला लागतं आणि वर्ख अलगद उचलला जातो. पंखा बंद, खिडक्या बंद, तोंड बंद. यातलं शेवटचं मला या जन्मी जमणार नाही, यावर आमच्या घरात दुर्मीळ एकमत आहे.

टॉवरच्या घड्याळाचे बारा आकडे सोनेरी करायचं काम आत्याला मिळालं आणि त्यासाठी बांधलेल्या मचाणावर मला चढायचंच होतं. आत्याने अट घातली. आधी दातांच्या डॉक्टरांच्या काचेच्या दरवाजावरचं नाव एकटीने करून दाखव.

"ही वही. पंचवीस वर्ख आहेत. अठरा लागतील, सात तुझ्या गाढवपणाला. सव्विसावा मागितलास तर घड्याळ विसर. आणि गिऱ्हाइकाला 'गप्प बसा' म्हणायचं नाही."

ही शेवटची सूचना तिने का दिली, ते दहा मिनिटांत कळलं.

डॉक्टरांच्या नावाला एक ओळ होती. पदव्यांना दुसरी अख्खी ओळ, तीही दाटीवाटीने. दुपारी दवाखाना बंद असतो, म्हणजे डॉक्टर मोकळे. या माणसाने आयुष्यभर अशाच लोकांशी गप्पा मारल्यात, ज्यांच्या तोंडात त्याचीच हत्यारं असतात. समोरून उत्तर येण्याची सवयच नाही बिचाऱ्यांना.

"सोन्याचा इतिहास माहितीये का गं बाळ?"

"थोडाफार..."

"कुठून असणार! साडेतीनशे वर्षांपूर्वी एका जर्मन माणसाने लघवीची पिंपंच्या पिंपं उकळली. का? तर ती पिवळी, म्हणजे आत सोनं असणार! आणि निघालं काय? फॉस्फरस!"

फॉस्फरसमध्ये दोन 'फ' आहेत. एका 'फ'ने ब्रशवरचा वर्ख गेला, दुसऱ्याने वर्ख ठेवायच्या चामड्याच्या गादीवरचा.

"डॉक्टर, श्वासाने उडतं हो हे."

"हो हो, चालू दे तुझं," म्हणत ते नीट दिसावं म्हणून आणखी जवळ आले. "आणि ते ग्रीक! कोल्ह्यापेक्षा मोठ्या मुंग्या जमिनीतून सोनं उकरतात, असं इतिहासात लिहून ठेवलंय! लोक कशावरही विश्वास ठेवतात बघ." मग ते पोटभर हसले. तिसरा गेला.

वरची ओळ मी जेमतेम पुरी केली. तेवढ्यात त्यांना उकडलं. मी "नको!" म्हणेपर्यंत पंखा सुरू. तीन गेले. एक खुर्चीवर, एक थुंकीच्या भांड्यात आणि एक थेट डॉक्टरांच्या टकलावर. तिथे तो इतका शोभत होता की मी बोललेच नाही.

"समुद्रातसुद्धा सोनं आहे बरं का," पंखा बंद करता करता डॉक्टर सुरूच. "एक शास्त्रज्ञ जहाज घेऊन गाळायला निघाला होता. हाती काय आलं? फुस्स!"

सातवा.

खाली नऊ जागा, वहीत नऊ वर्ख. माझा गाढवपणा अजून सुरूही झाला नव्हता आणि त्याचा सगळा कोटा डॉक्टरांनी संपवला होता. घड्याळाचे बारा आकडे माझ्या डोळ्यांसमोरून एकेक करून उतरायला लागले. 'गप्प बसा' म्हणायचं नाही. ठीक आहे, नाही म्हणत.

"डॉक्टर, आमच्या धंद्यात एक जुनी समजूत आहे. पण जाऊ दे, तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला काय सांगायचं."

"सांग की!"

"ज्याच्या नावाला वर्ख लागतोय तो मध्येच बोलला, तर त्याचं गिऱ्हाईक दारातूनच परत जातं म्हणे. एक वकील बोलले होते. आता कोंबड्या विकतात."

"हॅ! शुद्ध अंधश्र..." डॉक्टर म्हणाले, आणि उरलेला शब्द त्यांनी गिळला.

शांतता! मला इतका चेव आला की मी आणखी एक ठोकून दिली. "ब्रशसुद्धा मालकाच्याच गालावरून फिरवतात."

डॉक्टरांनी गाल पुढे केला. नुकतंच जेवण झालेलं, गाल तुकतुकीत. इतकं सुंदर तेल माझ्या गालाला दहा वर्षांत सुटलं नसतं. वर्ख असे उचलले जात होते की बस्स.

"दुखत नाही ना?" दोन वर्खांच्या मध्ये मी तोंड फिरवून विचारलं.

"उं."

"झालंच हं. धंदापाणी काय म्हणतंय?"

"उं उं."

नऊच्या नऊ बसले. मग त्या सोन्यावर आतल्या बाजूने उलटी अक्षरं रंगवली, म्हणजे बाहेरून सुलटी दिसतात; रंग वाळल्यावर अक्षरांबाहेरचं सोनं ओल्या कापसाने पुसलं. संध्याकाळी आत्या आली, दरवाजा उघडून मिटून बघितला, काचेला जवळजवळ नाक लावलं.

"वही?"

"संपली. पण सव्विसावा नाही मागितला."

ती काही म्हणणार, तेवढ्यात डॉक्टरांचं धरण फुटलं. "अहो, काय विलक्षण परंपरा आहे तुमची! हजारो वर्षांची! राजे-महाराजेसुद्धा वर्ख लागताना मौन पाळायचे म्हणे!"

राजे मी घातले नव्हते. दुपारपासून संध्याकाळपर्यंत माझ्या वकिलाचा राजा झाला होता, आणि हे मुंग्यांना हसत होते.

आत्याने माझ्याकडे बघितलं. आत्या खोटं खपवून घेत नाही.

"हो, पाळावंच लागतं," ती डॉक्टरांना शांतपणे म्हणाली. "कारागीर जिना उतरेपर्यंत."

डॉक्टरांनी तोंड मिटलं आणि हातानेच टाटा केला.

जिन्यात ती म्हणाली, "घड्याळावर येशील तू. पण वर वारा असतो. त्याला कुठली थाप मारणार?"

"वाऱ्याला पदव्या नसतात गं आत्या. तो ऐकेल."