फादरच्या खुर्चीखाली

गोराईच्या कॉस्मसचा एक हट्ट होता. हंगामाच्या पहिल्या फेरीआधी फादर येऊन होडीवर पवित्र पाणी शिंपडतात, तेव्हा प्रार्थना संपेपर्यंत इंजिन चालू राहिलंच पाहिजे. मध्येच बंद पडलं, तर वर्षभर मासळीची वाट लागली, अशी त्यांच्या घराण्याची पक्की समजूत. म्हणून प्रार्थनेच्या वेळी तो स्वतः खाली इंजिनरूममध्ये बसायचा. यंदा तर त्याने डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी इंजिन घासूनपुसून लख्ख केलं होतं. आणि आग विझवायचा लाल सिलिंडर फोटोत वाईट दिसतो म्हणून त्यानेच वर केबिनमागे नेऊन लपवला. आता काय म्हणावं या माणसाला!

"मॉनिका, झाकण लाव गं, धूर फादरच्या नाकात जाईल," असं खालून तोच ओरडला. बायकोने इंजिनरूमचं झाकण लावलं, वर गालिचा अंथरला आणि नेमकी तिथेच फादरची खुर्ची मांडली.

सायलेन्सरमागे कोंबलेली एक चिंधी कॉस्मस विसरला होता. आधी वास आला, मग भडका. अंगातला शर्ट काढून झोडपायला गेला, तर शर्टच पेटला आणि खालच्या तेलकट पाण्यात पडला. झालं! आग पसरली. तो शिडीवर चढला, झाकणाला खांदा लावला. हलेना! फादर म्हणजे चांगला वजनदार गडी. कॉस्मसने पान्याने ठोकलं, मुठीने ठोकलं. "मॉनिका! अगं, उघड!" वर बँड वाजत होता, खाली इंजिन धडधडत होतं. तो भयंकर घाबरला. असं मरायचं? अख्खं गाव डोक्यावर उभं असताना?

हाक वर पोचत नाही, पण इंजिन थांबलेलं सगळ्यांना कळेल, हे त्याच्या ध्यानात आलं. तरी हात धजेना. बापाच्या वेळेपासून प्रार्थनेत ते कधी थांबलं नव्हतं. धुराने ठसका लागला, तसा तो स्वतःलाच शिव्या घालत खाली उतरला आणि डिझेल बंद करायचा तापलेला कॉक उघड्या हाताने पिळला. तळवा भाजून निघाला. मेलं इंजिन नळीतलं उरलंसुरलं तेल पीत राहिलं, आणि मग कुठे आचके देऊन बंद पडलं.

वर बँड थांबला. "पप्पा, काय केलंत हे!" मुलगा ॲश्टन किंचाळला. खुर्ची सरकली, झाकण उघडलं, धूर उसळला. ॲश्टनने बापाला बखोटीला धरून वर ओढलं.

"सिलिंडर केबिनमागे आहे! मार आणि झाकण लाव, हवा लागू देऊ नको!" कॉस्मस ओरडला.

ॲश्टनने अख्खा सिलिंडर आत रिकामा केला आणि झाकण दाबून धरलं. हळूहळू धूर कमी झाला.

मॉनिका नवऱ्याच्या तळव्यावर पवित्र पाणीच ओतत होती आणि हमसून हमसून रडत होती.

"किती ठोकलं मी," तो म्हणाला. "तुला ऐकूच गेलं नाही ना?"

"गेलं रे. माझ्या पायाखालीच वाजत होतं. मला वाटलं, फादरचं होईपर्यंत दम धरशील."

कॉस्मसला तिचा संताप आला. पण तिच्या जागी तो असता, तर त्यानेही झाकण उघडलं नसतं.