काढलेला पाइप

"पाय उचलू नका. असाच दाबून धरा आणि आता चावी फिरवा," मिस्त्री खिडकीत वाकून म्हणाला.

मुलाने चावी फिरवली. इंजिन सुरू झाले.

"पेडल खाली बसलं?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"दगड आहे नुसता."

"बंद करा. पुन्हा एकदा."

पुन्हा इंजिन बंद, पुन्हा पाच वेळा ब्रेक दाबणे, पाय तसाच ठेवून पुन्हा चावी. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली बोटभर तरी बसायला हवे, असे मिस्त्रीने आधीच सांगितले होते. ते जागचे हलले नाही.

"येताना नाही लागला कडक?"

"लागला थोडा. मला वाटलं, दोन महिने गाडी उभी होती म्हणून."

गॅरेजच्या दाराशी, जुन्या टायरांच्या चळतीजवळ एका बाकावर वडील बसले होते. तुम्ही इथेच बसा, मध्ये मध्ये करू नका, असे म्हणून मुलानेच त्यांना तिथे बसवले होते. बसल्या बसल्या ते उजवा पाय सरळ करून वर धरत, ओठांतल्या ओठांत आकडे मोजत आणि हळूच खाली ठेवत. घरी हाच व्यायाम ते घोट्याला मिठाची पिशवी बांधून करत.

"काका काय करताहेत?"

"पायात ताकद आणताहेत," मुलगा हसून म्हणाला. "बैल गेला आणि झोपा केला."

गाडी खरे तर बंपरसाठी आली होती. दोन महिन्यांपूर्वी घराच्या फाटकाशी वडिलांचा ब्रेक वेळेवर लागला नव्हता. गाडी भिंतीवर गेली आणि शेजारी बसलेल्या आईच्या मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून आई शुश्रूषागृहात होती. "पाय होता की ओंडका?" एवढे ती त्या दिवशी त्यांना म्हणाली, आणि त्यानंतर एक शब्दही बोलली नव्हती. दर शनिवारी ते दोघे भेटायला जात. मुलाशी ती बोले. वडील खाटेजवळ आले की तोंड भिंतीकडे फिरवी. आजही इथून तिकडेच जायचे होते.

मिस्त्रीने बॉनेट उचलले आणि चालू इंजिनवर कान नेला. मग हाताने खूण करून मुलाला जवळ बोलावले.

"ऐका."

दातांतून वारा सोडावा तसा बारीक आवाज येत होता. मिस्त्रीने एका काळ्या रबरी पाइपखाली बोट दाबले, आवाज थांबला. बोट काढले; पुन्हा सुरू.

"ब्रेकच्या बूस्टरला जाणारा पाइप. इंजिन यातून हवा ओढतं, त्या ओढीवर पेडल हलकं लागतं. पाइप फाटला की सगळा जोर पायाचा. तुमच्यासारखा दाबेल कसाबसा. या वयाचा माणूस काय दाबणार?"

"भिंतीला धडकल्यावर फाटला असेल."

"छे. चीर जुनी आहे, आत धूळ बसलीय बघा. चार महिने तरी झाले असतील. काका काही बोलले नाहीत?"

मुलाने खिशातला रुमाल काढून हात पुसले. त्याच्या हाताला काही लागलेले नव्हते.

काका बोलले होते. अपघाताच्या आधी महिनाभर, रोज जेवताना बोलले होते. अरे, ब्रेक कडक लागतोय, एकदा दाखवून आण. आणि ताटावरची मान वर न करता त्याने म्हटले होते, "बाबा, ब्रेक कडक नाही झाला, तुम्ही मऊ झालात." बायको हसली होती. आईही हसली होती. शेवटी बाबाही हसले होते.

"पाइप बदलून टाका," तो म्हणाला. "पण बाबांना काही सांगू नका. उगाच त्रास होईल."

"कुणाला?"

मुलगा रुमालाची घडी घालू लागला. मिस्त्रीने जास्त ताणले नाही.

"गाडी कुणाच्या नावावर?"

"त्यांच्याच. का?"

"कार्डावर लिहावं लागतं."

नवा पाइप बसवायला अर्धा तास लागला. जुना मिस्त्रीने सवयीने वर्तमानपत्रात गुंडाळला. काढलेला पार्ट मालकाच्या हाती देण्याची त्याची पद्धत होती. गिऱ्हाइके चेष्टा करत, तर तो म्हणे, मुतखडा काढला तर डॉक्टरसुद्धा बाटलीत घालून देतो.

"ते टाकून द्या," मुलगा म्हणाला.

"हं," मिस्त्री म्हणाला.

वडील बाकावरून उठून आले.

"मिस्त्री, ब्रेक पाहिलात?"

"पाहिला, काका." मिस्त्री हातातल्या फडक्याकडे बघत होता. "ब्रेक ठीक आहे आता."

"ऐकलंत ना?" मुलगा मध्येच म्हणाला. "गाडीत काही नव्हतंच."

वडिलांनी मान हलवली. "म्हणजे पायच."

"आज आईला तसं स्पष्ट सांगून टाका, बाबा. चूक झाली म्हणा. माफी मागितलीत की बोलेल ती."

"मागतो," वडील म्हणाले.

मुलगा बंपर बघायला पुढे गेला. वडिलांनी डावीकडचे दार उघडले. सीटवर वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. ती त्यांनी मांडीवर घेऊन सोडली. त्यांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर झाली होती. पाइप कुठे वाकवून बघायचा हे त्यांच्या हातांना सांगावे लागले नाही. वाकवताच चीर तोंडासारखी उघडली. एक टोक बोटाने बंद करून त्यांनी दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. हवा मनगटावर आली. त्यांनी पुन्हा एकदा फुंकून पाहिले.

मुलगा येऊन स्टिअरिंगमागे बसला आणि त्याचे लक्ष गेले.

"बाबा, ते..."

"चल. भेटायची वेळ संपेल."

वडिलांनी पाइप नीट कागदात गुंडाळला आणि मुलासमोर डॅशबोर्डवर ठेवला. त्यानंतर त्यांनी पाय उचलला नाही, आकडे मोजले नाहीत. पहिल्या वळणावर मुलाने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल अलगद खाली गेले. पुरचुंडी घसरत काचेशी जाऊन थांबली.

"हलका लागतोय?" वडिलांनी विचारले.

"हो."

"आईला सांग तसं. मी बाहेर बाकावर बसेन. मध्ये मध्ये करणार नाही."