सुयांची लागण

अक्काचं ते पत्र आलं तेव्हा प्राध्यापकांनी उभ्याउभ्याच वाचलं, घडी घालून शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर उद्या देऊ असं ठरवलं. तो उद्या काही उजाडला नाही. पत्रात फार काही नव्हतं. पोटाचं ऑपरेशन ठरलंय, डॉक्टर फारच गोड बोलायला लागलेत म्हणजे काहीतरी गडबड आहे, तेव्हा ससोबा, तू येऊन उशाशी बस, एवढंच. फोनवर हा भाऊ 'हो हो, बघू' यापलीकडे जात नाही, हे तिला जन्मभराच्या अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून लिहून कळवलं होतं.

जावंसं त्यांना वाटत नव्हतं असं नाही. जीव तुटत होता. पण आपण गेलो तर तिचं आयुष्यभराचं काम मातीत जाईल, ही धास्ती होती.

बहीणभाऊ दोघंही एकाच विद्येतले. शहरं वेगळी, प्रयोगशाळा वेगळ्या, पण मागे लागले होते एकाच रेणूच्या. त्याची पूड कोमट पाण्यात विरघळवायची आणि पाणी निवू द्यायचं. मग ते रेणू आपले आपणच एकमेकांना धरत, केसाहून हजारो पट बारीक धागे होत, धाग्यांचं जाळं होई आणि सगळं पाणी त्या जाळ्यात अडकून बसे. नळी उलटी केली तरी थेंब सांडत नसे. काचेसारखा नितळ, हाताला लुसलुशीत असा तो गोळा. भाजलेल्या जखमेवर त्याचा थर ठेवला की पट्टी काढताना नवी कातडी ओढली जात नसे. अक्काच्या शहरातल्या इस्पितळात तो वापरून बघायला सुरुवातही झाली होती. "आपण काही करायचंच नाही रे, पाणी निवेपर्यंत गप्प बसायचं. तुझ्या स्वभावाला साजेसं काम आहे," असं ती चिडवायची.

मग एका सकाळी प्राध्यापकांच्या नळीत गोळा नव्हताच. तळाशी पांढऱ्या सुया आणि वर नुसतं पाणी. रेणूंना एकमेकांना बिलगायची दुसरी, जास्त घट्ट रीत सापडली होती. आणि ही रीत एकदा सापडली की सुटत नाही. सुईचा डोळ्यांना न दिसणारा कण जरी कुठून पडला, तरी बाकीचे रेणू तिचाच कित्ता गिरवतात. प्राध्यापकांनी काचसामान बदललं, खोली बदलली, पूड नव्यानं बनवली. दर खेपेला सुयाच. कण हवेत होता, कपड्यांत होता, बहुधा त्यांच्या भुवयांतही होता. या धंद्यात असं होतं हे त्यांनी पुस्तकांत वाचलं होतं. आपल्यावरच ओढवेल असं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून ते अक्काकडे गेले नाहीत. कागदालाही कण चिकटेल म्हणून पत्रं लिहायचीही सोडली. अक्का फोनवर हसली. "तू काय गोवराची साथ आहेस का? आंघोळ कर, नवे कपडे घाल आणि ये." ते म्हणाले, हो हो, बघू.

ऑपरेशनच्या दिवशी ते खरंच नवे कपडे घालून गेले, पण इस्पितळाच्या फाटकापर्यंतच. आत अक्काचे विद्यार्थी ये-जा करत होते. त्यांतल्या कुणी आपला हात हातात घेतला आणि तसाच प्रयोगशाळेत गेला तर? दुपारभर ते रस्त्यापलीकडे उभे राहिले आणि संध्याकाळच्या गाडीनं परतले. त्याच आठवड्यात अक्का गेली. अंत्ययात्रेतही ते सगळ्यांच्या मागे, एकटेच चालले.

महिन्याभरानं भाची आली. आईच्याच प्रयोगशाळेत ती काम करत होती. प्राध्यापक दार अडवून उभे राहिले, आत नको येऊस, तुझ्या कपड्यांना लागेल, म्हणाले. तिनं त्यांना हलकेच बाजूला केलं आणि त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसली.

"मामा, आमच्याकडेही सुया झाल्यात. आई आजारी पडायच्या आधीच. इस्पितळातलं कामही तेव्हाच थांबलं."

प्राध्यापकांना बसायला जागा शोधावी लागली. मला का नाही कळवलं, एवढंच त्यांनी विचारलं.

"आईनं शपथ घातली होती. म्हणाली, त्याला कळलं तर माझ्याच पत्रातून गेलं म्हणेल आणि उरलेला जन्म हात धूत बसेल."

ते नेमका तोच विचार करत होते. आपण तिला धाडलेलं शेवटचं पत्र कोणतं, ते कुठल्या टेबलावर लिहिलं होतं.

"कशातून आलं मग?"

"कळलं नाही. आता कळणारही नाही."

मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "ती माझी वाट बघत होती का गं?"

भाचीला खोटं बोलता आलं असतं. "दार वाजलं की मान वळवायची," ती म्हणाली.

ती गेल्यावर प्राध्यापक लिहायला बसले. पहिले कागद फाडले. त्यांत वाक्यं फार सुबक झाली होती. ज्याचं रक्षण करायला आपण दूर राहिलो ते तेव्हा उरलेलंच नव्हतं, हे लिहिताना त्यांना स्वतःविषयी थोडी कणव आली, आणि त्या कणवेचाच संशय आला. मग त्यांनी भराभर लिहिलं:

'अक्का, तुझं पत्र मिळालं होतं. मला भीती वाटत होती, पण ती सगळी सुयांची नव्हती. तुला तशी बघायची माझी छाती नव्हती. सुया मला सोयीच्या पडल्या. तुझं काम वाचवतोय असं मी सगळ्यांना सांगू शकत होतो, मलासुद्धा. तू मान वळवलीस तेव्हा मी दारात हवा होतो.'

वाचून बघितलं तर हेही फाडलं जाईल, म्हणून त्यांनी ते वाचलंच नाही. पाकिटावर अक्काचं नाव घातलं, तिच्या घराचा पत्ता घातला. भाची उघडेल हे त्यांना माहीत होतं, आणि तिनं उघडावं असंही वाटत होतं. पायांत चपला सरकवून ते कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत चालत गेले आणि पाकीट आत टाकलं.