ब गटातली जागा

सोडतीच्या दिवशी सकाळी बारक्याचा फोन आला. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. वय त्रेचाळीस, डोक्यावर औषधालाही केस नाही, पण घरात अजून बारक्याच. तो बेटवाल्यांच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक आहे. स्पर्धा भरवणाऱ्या आमच्या कचेरीत आम्ही संघांना अशीच नावं पाडलीयत: बेटवाले, डोंगरवाले, लाल, हिरवे. सोळा देशांची अधिकृत नावं दिवसभर घेत बसलं तर जिभेला गाठ पडेल.

"ताई, लेखी आलंय गं," तो म्हणाला. "दुसऱ्या फेरीत गेलो तर करार वाढणार. नाही तर सामान बांधा."

"बायकोला सांगितलंस?"

"दोघींनाही सांगितलं. पोरगी बोललीच नाही माझ्याशी. ही चौथी शाळा आहे तिची. आत्ता कुठे एक मैत्रीण झालीय." मग तो हसला. "चांगला गट दे, म्हणजे झालं."

"मी देत नसते, चेंडू देतात. आणि फोन ठेव. आज तुझ्याशी बोलणंसुद्धा नियमात बसत नाही."

मी फोन ठेवला. यापूर्वी तीन वर्षं तो बेकार होता. दिवसभर गॅलरीत बसून झाडांना पाणी घालायचा, इतकं की दोन झाडं कुजली. तो बारक्या मला पुन्हा बघायचा नव्हता. भाऊ प्रशिक्षक आहे, मला सोडतीपासून लांब ठेवा, असं मी महिन्यापूर्वीच सचिवांना लिहून दिलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याशिवाय हे गणित जमणार कोणाला?" स्तुती ऐकली की मी विरघळते, हा माझा जुना दोष.

स्पर्धा नवी कोरी, पहिलंच वर्ष. सोळा संघ, चार गट, गटातले पहिले दोन पुढे. काचेची चार भांडी. पहिल्यात सगळ्यात तगडे संघ, चौथ्यात सगळ्यात दुबळे, आणि प्रत्येक भांड्यातून प्रत्येक गटाला एकेक. चेंडू निघाला की आतल्या चिठ्ठीवरचा संघ पहिल्या मोकळ्या गटात जायचा. फक्त एकाच विभागाचे दोन संघ एका गटात नकोत. इथवर कुणालाही जमतं. खरी मेख पुढे आहे. आत्ता बसवलेल्या संघामुळे मागून येणाऱ्याची जागा जात नाही ना, हे बघावं लागतं. गाडीत माणसं बसवताना दिसेल त्याला आत कोंबलं की शेवटी जाडे काका रस्त्यावर उरतात, तसंच हे.

संगणक फक्त विभागांची टक्कर दाखवायचा. पुढचं बघण्याची सोय पुढल्या वर्षी करू, असं तो पुरवणाऱ्यांनी सांगितलं होतं. तोवर मी, माझी पेन्सिल आणि कानातलं यंत्र. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड, माझं टेबल. टेबलावर दोन बटणं. एक दाबलं की निवेदिकेच्या कानात बोलता यायचं, दुसरं दाबलं की वर काचेच्या खोलीत बसलेल्या सचिवांशी.

दुपारी तीनला सुरू झालं. तीन भांडी सुरळीत रिकामी झाली. जगज्जेते ड गटात पडले आणि त्यांच्या जोडीला आणखी दोन दांडगे. सभागृहातून "आई गं" असा आवाज आला. त्या गटात चौथं कोण मरायला जातंय, एवढंच बघायचं राहिलं होतं.

चौथ्या भांड्यातून पहिले लाल निघाले. अ गट. दुसरा चेंडू सोडत काढणाऱ्या माजी गोलरक्षकानं उघडला, चिठ्ठी उलगडली. बेटवाले.

संगणकावर ब आणि ड हिरवे झाले. क मध्ये बेटवाल्यांच्याच दक्षिण विभागाचा संघ होता, म्हणून तो बंद. ब गटात यजमान, आणि वर्षभरात परक्या मैदानावर एकही सामना न जिंकलेले दोन संघ. याहून सोपा गट मागून मिळाला नसता.

"ब," मी निवेदिकेच्या कानात म्हणाले. जरा पटकनच म्हणाले.

टाळ्या पडल्या. पडद्याच्या फटीतून मला तिसरी रांग दिसत होती. बारक्या उभा राहून शेजारच्याला मिठ्या मारत होता. आनंदाच्या भरात मी तक्त्यात नाव लिहायला घेतलं. आणि लिहिता लिहिता हात थांबला.

भांड्यात दोन चेंडू उरले होते, डोंगरवाले आणि हिरवे. डोंगरवाले उत्तर विभागाचे. क मध्ये उत्तरेचा संघ होता. ड मध्येही होता. डोंगरवाल्यांना साऱ्या तक्त्यात एकच जागा उरली होती, आणि ती मी आत्ता माझ्या भावाला देऊन बसले होते. बारा वर्षं वेगवेगळ्या स्पर्धांसाठी हे काम करतेय. कुठल्याही दुसऱ्या संघाच्या वेळी मी पुढचं बघितलं असतं. बेटवाले म्हटल्यावर मला फक्त ब दिसला. त्यांची खरी जागा ड होती, जगज्जेत्यांच्या पायाशी.

नियमावलीतलं सातवं कलम मीच लिहिलेलं. चुकीची जागा जाहीर झाली तर पुढचा चेंडू उघडण्याआधी ती रद्द करता येते. एकदा चेंडू उघडला की काय करायचं ते समिती ठरवणार. निवेदिका गोलरक्षकाला त्याच्या जुन्या सामन्याबद्दल विचारत होती. त्या गप्पांना संहितेत नव्वद सेकंद होते आणि तीस तरी गेले होते. मी सचिवांचं बटण दाबलं.

"साहेब, चूक झाली माझी. बेटवाले ब मध्ये बसत नाहीत. डोंगरवाले अडकतील."

"अडकू द्या," ते म्हणाले.

"अहो, पण—"

"टाळ्या पडल्यात मॅडम, सगळीकडे थेट दिसतंय. पुढे चला. शेवटी समिती बसेल. लालना अ मधून उचलू, ड मध्ये टाकू, डोंगरवाले अ मध्ये. आपली अब्रू राहील, आणि तुमच्या भावाचंही भलं होईल."

हे त्यांनी इतक्या प्रेमानं म्हटलं की मला रागसुद्धा येईना. राग आला असता तर काम सोपं झालं असतं.

लालचा प्रशिक्षक पहिल्या रांगेत बसला होता. स्थूल माणूस, सर्दीनं बेजार, रुमालानं नाक पुसत होता. त्याच्या संघाला नियमानं अ गट मिळाला होता आणि तो निश्चिंत होता. त्याच्याही घरी कुणाची तरी शाळा असणारच.

खोटं कशाला सांगू? मी गप्प बसले. कुणाला कळणार होतं? अध्यक्ष टाळ्या वाजवत होते, संगणकाची तक्रार नव्हती. गप्प बसणं एवढंच तर करायचं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते जमत होतं. गोलरक्षकानं भांड्यात हात घातला. चेंडू उचलला. मला घरच्या गॅलरीत झाडं कुजवणारा बारक्या दिसत होता, आणि तो रुमालही. गोलरक्षकानं चेंडू पिळला, तो घट्ट बसला होता. तो हसला, पुन्हा पिळायला लागला.

मी निवेदिकेचं बटण दाबलं. "थांबवा त्यांना. उघडू नका. बेटवाले ब मध्ये नाहीत, ड मध्ये आहेत. चूक पडद्यामागची आहे, तसंच सांगा."

तिचं हसू जागच्या जागी गोठलं, पण बाई पक्की. तिनं गोलरक्षकाच्या मनगटावर हात ठेवला आणि शब्दन् शब्द सांगितलं. मोठ्या पडद्यावर ब मधलं नाव पुसलं गेलं आणि ड मध्ये उमटलं. सभागृहात गलका झाला. माझ्या कानात सचिव काहीतरी ओरडले, मी यंत्र काढून ठेवलं. बारक्या अजून उभाच होता. त्यानं पडद्याकडे पाहिलं. मी त्याला दिसत नव्हते, पण तिथं कोण बसतं हे त्याला माहीत होतं. तो हळूच खाली बसला.

पुढचे दोन चेंडू निमूट उघडले. डोंगरवाले ब, हिरवे क. काहीच अडलं नाही, त्यामुळे नेमकं काय चुकलं होतं ते कुणाला कळलंही नाही.

नंतर सचिव माझ्या बाजूनं गेले. "उद्या दहाला भेटा," एवढंच म्हणाले. बारक्या बाहेरच्या व्हरांड्यात पाण्याच्या यंत्रापाशी कागदी पेला घेऊन उभा होता. मी तक्ता दाखवून त्याला सगळं सांगितलं, सचिवांचं बोलणंसुद्धा.

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर आम्ही ब मध्येच राहिलो असतो."

"हो."

"आणि लाल ड मध्ये गेले असते."

"हो."

त्यानं पाणी संपवलं. "मी गप्प बसलो असतो, ताई."

मला माफी मागायची होती, पण कशाची ते कळेना. चुकल्याची की चूक सुधारल्याची? तेवढ्यात लालचा प्रशिक्षक नाक ओढत आला आणि त्यानं बारक्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाईट वाटलं हो. घरच्याच माणसानं गळा कापावा म्हणजे काय! आमच्या वेळी यांनी घोळ घातला नाही, नशीब आमचं."

बारक्याला आता सगळं माहीत होतं. एका वाक्यात त्या माणसाचं तोंड बंद करता आलं असतं.

"माझ्या बहिणीनं बरोबर केलं," तो म्हणाला. "तुम्ही सर्दीचं औषध घ्या."

तो माणूस गेल्यावर माझे डोळे भरून आले. बारक्यानं ते पाहिलं नाही, किंवा पाहायचं नव्हतं त्याला.

"पहिला सामना कुणाशी?"

"जगज्जेत्यांशीच. गटातला चौथा पहिल्याशी खेळतो."

"बरं." त्यानं पेला चुरगळला. "पोरीला तू सांग. माझ्याच्यानं नाही होणार." आणि तो जिन्यानं खाली गेला.

मी फोन लावला. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"आत्या! ब गट! ब म्हटल्या म्हटल्या आईनं टीव्हीच बंद केला, दृष्ट लागेल म्हणून. आत्या, आता शाळा नाही ना बदलायची?"

मागे तिची आई मोठ्यानं हसत होती. मी भिंतीला टेकले.

"बाळा," मी म्हणाले, "टीव्ही लाव परत."