पुसानला आम्ही दोघी

अलका गानू आणि मी कोरियाला गेलो ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर ते कुणीच सांगितलं नाही.

साउथहॅम्प्टनच्या बंदरात एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात मी नोकरी करत होते. कुठला कंटेनर कुठून आला ते टाइप करायचं काम. त्यातले कितीतरी पुसानहून यायचे. हल्ली त्या शहराला बुसान म्हणतात. रोज तेच नाव टाइप करून करून ते माझ्या डोक्यात बसलं होतं. लोकांना पॅरिस बघायचं असतं, मला पुसान बघायचं होतं. माझा नवरा मोहन बंदरातच क्रेनवर होता. तो म्हणाला, वर्षभर बंदर बघतोच आहे, सुट्टीतही बंदर कशाला? त्याचंही बरोबर होतं. अलका मात्र म्हणाली, मी येते.

अलका म्हणजे डॉक्टर शशिधर गानूंची बायको. ती पुण्याच्या सदाशिव पेठेतली, मी चिपळूणजवळच्या बौद्धवाडीतली. तिकडे असतो तर एकमेकींच्या उंबऱ्यात पाय ठेवला नसता. इथे एकाच बसस्टॉपवर थंडीत कुडकुडत मैत्रिणी झालो. तिच्या बाळंतपणात मी तिच्याजवळ होते. माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा ती माझ्याकडे येऊन राहिली. जात हा शब्द आमच्यात कधी निघालाच नाही. मला वाटायचं, तो संपला म्हणून निघत नाही.

एक्क्याण्णवच्या नोव्हेंबरात आम्ही गेलो. एकटीला पाठवायला शशिधर तयार नव्हते. यमुना बरोबर आहे म्हटल्यावर हो म्हणाले.

पुसान म्हणजे डोंगरावर एकावर एक चढलेली घरं, आणि कुठल्याही गल्लीतून खाली उतरलं की समुद्र. बंदराजवळच्या टेकडीवरून मी खालचे कंटेनर बघितले. मी ज्यांची नावं टाइप करायची तेच इथून निघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि अलका पोट धरून हसली. लोखंडी डब्यांना बघून रडणारी बाई तिने पहिल्यांदाच पाहिली म्हणे.

अलका शाकाहारी. दोन दिवस ती कोरडा भात आणि मी नेलेला चिवडा यांवर राहिली. मग आम्ही मासळीबाजारात गेलो. रबरी बूट घातलेल्या बायका, पाण्याच्या टबांत वळवळणारे ऑक्टोपस, आणि एका कोपऱ्यात निखाऱ्यावर भाजलेला बांगडा. अगदी आईच्या चुलीपुढे बसल्यासारखा वास. मी एक ताट घेतलं. अलका थोडा वेळ नाक धरून बसली, मग हळूच म्हणाली, एक घास दे. एकाचे दोन झाले. शेवटी मी नुसते काटे काढत होते आणि ती खात होती. मासेवालीला आमची मोठी गंमत वाटली. तिने माझा कॅमेरा घेऊन आमचा फोटो काढला. दोघी, मध्ये एक ताट, अलकाचं तोंड भरलेलं आणि बोटं तेलकट. दोघींचा मिळून असा तो एकच फोटो. बाकी बहुतेक मी तिचे काढले.

"घरी सांगू नकोस हं," ती म्हणाली. मी कुणालाच सांगितलं नाही, मोहनलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्राच्या खडकांवरच्या बुद्धमंदिरात गेलो. लाटा पार पायऱ्यांपर्यंत येत होत्या. मी हात जोडले आणि पंचशील म्हटलं. वाडीतल्या विहारात आईने शिकवलेलं ते इतक्या लांबच्या समुद्रापाशी म्हणताना मला फार भरून आलं. अलकाने मागून माझा फोटो काढला. फोटोत माझा चेहरा नाही, नुसता जांभळा कोट आहे. तो कोट साउथहॅम्प्टनच्या समस्त मराठी मंडळींना ठाऊक होता. मंडळाचा सेक्रेटरी हरीश मला त्या कोटावरून भरलं वांगं म्हणायचा.

आमच्या मंडळात रीत होती. कुणी कुठे फिरून आलं की त्याने स्लाइड्स दाखवायच्या, आणि बाकीच्यांनी खात खात तिकिटाची किंमत विचारायची. अलका माझ्याकडून स्लाइड्स घेऊन गेली. मी नीट लावून ठेवते, संक्रांतीच्या कार्यक्रमात दोघी मिळून बोलू, असं म्हणाली. मी काय बोलायचं त्याची स्वयंपाक करताना चार दिवस उजळणी केली.

संक्रांतीला चर्चचा हॉल घेतला होता. मोहन ड्यूटीवर होता, मी एकटीच गेले. दाराजवळच्या खुंटीला कोट अडकवला. पहिल्या रांगेत अलकाच्या सासूबाई शांताबाई बसल्या होत्या, नुकत्याच पुण्याहून आलेल्या. अलकाने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली, यमू, तू आरामात बस, आज मीच बोलते. मला वाटलं, सासूपुढे मिरवायचं असेल. मिरवू दे. मी तिसऱ्या रांगेत बसले.

दिवे मालवले आणि अलकाने सुरुवात केली. म्हणाली, मी एका टूरबरोबर गेले होते. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण पुढच्या प्रत्येक स्लाइडला तेच. मी हे बघितलं, मी तिथे गेले. समुद्रकिनाऱ्यावर ओढणी सावरत हसणारी अलका पडद्यावर आली. मनासारखी यावी म्हणून मी तिला चार वेळा उभं केलं होतं.

हरीशने विचारलं, फोटो झकास आलाय, काढला कुणी?

"टूरमधल्या एका बाईंनी," अलका म्हणाली. "आता नावही आठवत नाही."

मी शशिधरांकडे बघितलं. मला विमानतळावर, हिला सांभाळा हं, असं हात जोडून सांगणारे शशिधर बुटांकडे बघत होते. मग मंदिराची स्लाइड आली. खडक, लाटा, आणि मधोमध माझा जांभळा कोट.

"ही कोण?" शांताबाईंनी विचारलं.

"तिथल्या बौद्ध बायका अशा येतात दर्शनाला."

हॉलमध्ये चाळीसएक माणसं होती. दोघातिघांनी मागे वळून खुंटीकडे बघितलं. हरीशनेही बघितलं. मग सगळे पुन्हा पडद्याकडे वळले आणि मूग गिळून बसले. मला अलकापेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

मी उठले, खुंटीवरून कोट काढला, अंगात घातला आणि प्रोजेक्टरपाशी जाऊन उभी राहिले. पडद्यावर एक कोट आणि पडद्यासमोर एक.

"अलका, कॅमेरा माझा, स्लाइड्स माझ्या. झालं असेल तर नेते."

मी स्लाइड्सचा ट्रे काढून घेतला. पडदा पांढरा झाला आणि ती त्या उजेडात उभी राहिली. शांताबाईंनी मुलाला विचारलं, या कोण? शशिधर म्हणाले, आहेत ओळखीच्या.

घरी येऊन मी स्लाइड्स बघितल्या. मासळीबाजारातल्या स्लाइडची जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलकाचा फोन आला. मला वाटलं, रडेल. ती रडली तर मीही रडणार आणि सगळं विसरणार, हे मला माहीत होतं. मी त्याची वाटच बघत होते म्हणा ना.

"लिसन यमू, प्लीज गैरसमज नको करूस," ती म्हणाली. "एका खोलीत राहिलात का, एकत्र जेवलात का, असं आई विचारत बसल्या असत्या. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. त्या गेल्या की आपण आहोतच. तू समजूतदार आहेस."

मी म्हटलं, "मासळीबाजारातली स्लाइड तेवढी परत दे."

"ती? ती कधीच टाकून दिली मी. आईंच्या हाती लागली असती तर?"

"त्या बांगड्याबद्दल मी कुणाला बोलले नसते, अलका."

"ते माहीत आहे गं. पण बांगड्याचं मी सांभाळून घेतलं असतं," ती म्हणाली. "ताट एकच दिसत होतं ना."