नकाराचं प्रकरण

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. तिशी उलटली तरी नाव तेच राहिलं. ती एका प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या ठशात प्लास्टर ओतायचं, त्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि एकेक दात बसवायचा. हाताला सफाई होती. बोलताना मात्र ती अडखळायची. त्यातही ‘न’ जिभेवर आला की तिथेच ठाण मांडून बसायचा.

“लोकांना बोलायला दात पुरवते आणि स्वतः गप्प,” असं दादा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचा. बाहेरचं बोलणं तो बघायचा, शेजारपाजारचं आई. धाकटीच्या वाटणीचे शब्द दोघांनी प्रेमाने आपसात वाटून घेतले होते.

खोलीचं दार लावून ती मोठ्याने वाचायची, तेव्हा जीभ बरीच मोकळी व्हायची. म्हणून अंध वाचकांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या वाचनालयाला आवाज हवेत असं कळल्यावर ती घरी न सांगता तिथे गेली. तिथल्या प्रमुख बाई स्वतः अंध होत्या. त्यांनी तिचं वाचन शांतपणे ऐकलं. ती अडली तेव्हाही मध्ये बोलल्या नाहीत. आवाज चांगला आहे, अडखळणं कापता येतं, असं म्हणत त्यांनी एक जुनी, जाडजूड प्रेमकादंबरी तिच्यापुढे सरकवली.

कादंबरी एका नावाड्याच्या मुलीची होती. गलबतांचा श्रीमंत मालक तिला मागणी घालतो आणि तिच्या गरिबीकडे, तिच्या अडाणी बापाकडे आपण किती मोठ्या मनाने काणाडोळा करतो आहोत, हेही ऐकवतो. ती नकार देते. पुढे वादळात त्याची गलबतं बुडतात, तोरा उतरतो, आणि बऱ्याच पानांनंतर तो पुन्हा विचारायला येतो, या वेळी मान खाली घालून. बाईंच्या मते कथेला खरं वळण वादळात मिळत होतं. धाकटीला ते पटलं नाही. वादळात फक्त गलबतं बुडतात, माणूस बदलायला लागतो तो आधीच, त्या नकाराने, असं ती म्हणाली. म्हणायला वेळ लागला, पण म्हणाली.

वाचन चांगलं चाललं होतं. खोलीच्या भिंतींना फोम लावलेला होता, आवाज नको म्हणून पंखा बंद असायचा, आणि काचेपलीकडे पिकल्या मिशांचे रेकॉर्डिस्टकाका हाताने खुणा करत. नकाराचं प्रकरण आलं आणि गाडी अडली. नायिका एकच शब्द बोलते: “नाही.” धाकटीच्या तोंडून तो निघेना. ओठ उघडे, श्वास कोंडलेला, मान ताठ. काकांनी तोडगा काढला. आधीच्या प्रकरणातला तिचाच एक ‘नाही’ उचलून त्यांनी तिथे जोडला आणि ऐकवला. तो ऐकून तिला हसू आलं. नायिका लग्नाला नव्हे, चहाच्या दुसऱ्या कपाला नको म्हणते आहे असं वाटत होतं. हा चालणार नाही, मी पुन्हा येईन, असं सांगून ती निघाली.

त्याच आठवड्यात दादाचा मित्र घरी आला. त्याचं औषधांचं दुकान होतं. माणूस निर्व्यसनी, हसरा, कोणाच्याही अडीअडचणीला धावणारा. तो मागणी घालणार हे आईला आणि दादाला ठाऊक होतं, धाकटीला नव्हतं. तिच्या अडखळण्याचं मला काहीच वाटत नाही, असं तो सर्वांसमोर म्हणाला. लग्नानंतर तिला कुठेच बोलावं लागणार नाही, सगळीकडे मी आहे, असंही म्हणाला. आईने पदराने डोळे टिपले. इतक्या वर्षांची काळजी तिच्या चेहऱ्यावरून उतरताना धाकटीला दिसली, आणि त्यामुळेच तिला जे म्हणायचं होतं ते आणखी जड झालं.

“न...” ती म्हणाली. “न... न...”

“नक्की!” तिची सुटका करावी तशा सुरात त्याने शब्द पुरा केला.

सगळे हसले. दादाने मित्राच्या पाठीवर थाप मारली. आई पेढे आणायला उठलीसुद्धा. धाकटी खुर्चीतून उभी राहिली. शब्द अजून तिथेच अडला होता, पण आज तिने तो गिळला नाही. टेबलाची कड घट्ट धरून ती तशीच उभी राहिली. एकेकाचं हसू मावळलं. दादा काहीतरी बोलणार तेवढ्यात तिने हात वर करून त्याला थांबवलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही माझं एक अक्षर ऐकलंत आणि उत्तर स्वतःच देऊन टाकलंत. ज... जन्मभर तेच कराल.”

तो गोरामोरा होऊन निघून गेला. दादाने अबोला धरला. असं स्थळ पुन्हा दारात येणार नाही, असं म्हणत आई दिवसभर भांड्यांवर राग काढत राहिली. धाकटी रात्री थोडी रडली, पण आपण चुकलो असं तिला एकदाही वाटलं नाही.

सुटीच्या दिवशी तिने ते प्रकरण पुन्हा वाचायला घेतलं. शब्द पुन्हा अडला. काकांचा हात बटणाकडे गेला, तिने मानेनेच नको म्हटलं आणि अडलेला शब्द पुरा करूनच पुढे गेली. मग तो तसाच ठेवा अशी विनंती केली. बाईंनी हरकत घेतली. लोक कादंबरी ऐकायला येतात, वाचणारीची अडचण ऐकायला नाही, आणि नायिका काही अडखळत नाही.

“अडखळत नाही, पण घाबरते,” धाकटी म्हणाली. “तिचे ओठ सुकले होते, असं लिहिलंय.”

बाईंनी सबंध प्रकरण पुन्हा ऐकलं. बाकीची अडखळणं कापायला सांगितली आणि ती एक जागा राहू दिली.

काही महिन्यांनी दुपारच्या सुटीत औषधवाला प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्या दिवसापासून आपण स्वतःकडे लक्ष देऊन पाहतोय, असं त्याने सांगितलं. गिऱ्हाईक तोंड उघडतं न उघडतं तोच आपण औषधाचं नाव सांगून मोकळे होतो.

“मागणी घालायला मी आलो आणि तुमच्या वतीने होकारही मीच दिला,” तो म्हणाला. “त्या दिवशी तुम्हाला आणखी काही बोलायचं होतं का? मी ऐकतो.”

ती बोलली. कवळ्यांबद्दल, वाचनालयाबद्दल, दादाबद्दल, घरातल्या त्या प्रेमळ गप्प बसवण्याबद्दल. मध्येमध्ये अडत होती. त्याचे ओठ दोनदा हलले, पण त्याने ते मिटले. समोरच्या टपरीवरून मागवलेला चहा निवून गेला. पुन्हा आलो तर चालेल का, असं त्याने विचारलं. या, पण घरी मीच सांगेन, असं ती म्हणाली.

संध्याकाळी आई भाजी निवडत होती. तो आला होता हे कळताच तिने आशेने वर पाहिलं, म्हणजे आता हो का? तसं काही ठरलेलं नाही, असं धाकटीने शेजारी बसत सांगितलं. ठरेल तेव्हा ठरेल, आणि ते मीच सांगेन. आईने भाजीची अर्धी जुडी तिच्यापुढे सरकवली.

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. या खेपेस मागणी धाकटीने घातली. ती सावकाश, सगळं मनातलं बोलली, आणि तिचं बोलणं संपल्याची खात्री झाल्यावरच त्याने हो म्हटलं.