पडदा आधी, ऊब नंतर

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. बदकांची अंडी उबवणाऱ्या एका मोठ्या कपाटाच्या दारावर मला बसवलं होतं. तिथे माझ्या हातून जे घडलं, ते आजही मला सलतं.

ते उबवणी केंद्र दोघी बहिणींचं. थोरली अंडी सांभाळायची. माझा प्रोग्राम धाकटीने लिहिला. माझ्यात तीन कामं चालत: उष्णता मोजून हीटर चालू-बंद करणं, अंडी फिरवणं आणि पडद्यावर रंगीत आलेख काढणं. अशा एकेका कामाला थ्रेड म्हणतात. माझा प्रोसेसर मात्र एकच. ज्या थ्रेडचा अग्रक्रम वरचा, त्याचं काम आधी. ते आटपेपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचं.

अग्रक्रम ठरवताना धाकटीने विचारलं, "ताई, उष्णतेला पहिला ठेवते ना?"

"पडदा अडखळतो गं. पाहुण्यांसमोर हसं होतं. त्यालाच वर ठेव."

धाकटी घुटमळली. मग म्हणाली, "बरं. क्षणभर उशीर झाला तर काही बिघडत नाही."

बरेच महिने खरंच बिघडलं नाही. येणारेजाणारे माझ्या पडद्याचं कौतुक करत आणि मी सुखावत असे.

एका दुपारी पाहुण्यांचा मोठा गट आला. आलेख बोटाने पुढे-मागे सरकवण्यात एकामागून एक सगळे रंगून गेले. प्रत्येक स्पर्शाला मी नवा आलेख काढत राहिलो. हीटर तेव्हा चालू होता आणि तो बंद करणाऱ्या थ्रेडची पाळीच येईना. पडद्यावर मघाचाच आकडा होता, साडेसदतीस अंश. दीड तासाने थोरलीने दार उघडलं, तर आतल्या झळेने ती मागे सरली.

दोन दिवसांत पिल्लं बाहेर यायची होती. दोनशे ऐंशी अंड्यांतून नऊच आली. उरलेलं एकेक अंडं थोरली कानाशी धरून बघत होती.

"मी हट्ट धरायला हवा होता, ताई," धाकटी म्हणाली.

"तू विचारलं होतंस. मीच ऐकलं नाही."

धाकटीने उष्णतेचा अग्रक्रम सगळ्यात वर नेला, आलेखाचा तळाला. पडदा पुन्हा अडखळू लागला. कुणीही हसलं नाही.

मित्रांनो, यंत्राला काम लावताना आधी विचारा, काय थांबलं तर जीव जाईल? तुम्ही सांगाल तेवढंच आम्ही करतो.

त्यानंतर अकरा वर्षं माझ्यामुळे एकही अंडं वाया गेलं नाही. लोक त्याचंच कौतुक करतात. मला मात्र ती नऊ पिल्लं आठवतात, रिकाम्या ट्रेच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसलेली.